उतारावरचं गवत

३ तारीख, सोमवार

लेक फोनवर म्हणाली, "आई, घरात बोलायला कुणी नसेल तर लिहीत जा. मन मोकळं होतं." म्हणून लिहायला बसले. बोलायला कुणी नाही असं म्हणणं खोटंच आहे, हे आहेत की समोर. पण झटका आल्यापासून ह्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. फुटतो तो नुसता आवाज, आणि मग त्या आवाजाचाच ह्यांना राग येतो. उजवा हात आणि उजवा पाय कामातून गेले. डोकं शाबूत आहे म्हणून डॉक्टर सांगतात. ते त्यांनी सांगायला नको, ह्यांच्या डोळ्यांत दिसतंच.

आज शाळेचे सेक्रेटरीसाहेब आले होते. शाळेच्या मैदानाच्या कडेला ह्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या त्या ह्यांच्या मैदान राखायच्या कामामुळे. साहेब उंबऱ्यातच उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, मला वाईट वाटतं. पण सुट्टी संपत आली, आणि मैदानात मुलं हरवतील एवढं गवत झालंय. एक कंत्राटदार तयार आहे. त्याला त्याच्या माणसांसाठी ही जागाही हवीय."

मी म्हणाले, "मैदान मी कापते."

ते हसले नाहीत हे त्यांचे उपकार. "कशाने?" एवढंच विचारलं. शाळेचं ढकलायचं मशीन ह्यांच्या आजारपणात कुणीतरी दोन दिवसांसाठी म्हणून नेलं ते परत आलंच नाही. "ते माझं मी बघते," असं मी ठोकून दिलं. शेवटी चोवीस तारखेचा, सोमवारचा वायदा झाला. त्या दिवशी साहेब बघायला येणार. मैदान कापलेलं असलं तर वर्षभराचं काम माझ्या नावावर आणि जागा आमच्याकडे. नसलं तर महिनाअखेरीला सामान बांधायचं.

बोलून बसले खरी. लेक न्यायला तयार आहे, जावईही वाईट नाही. पण तिच्या घरी आधीच माणसावर माणूस आहे, आणि ह्यांना मैदानावरून उचललं तर हा माणूस महिनाभरही टिकायचा नाही. खाट मुद्दाम खिडकीशी लावली आहे, दिवसभर बाहेर बघत असतात. ह्यांना विचारायची गरजच नाही. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं तरी कळतं.

५ तारीख, बुधवार

मशीन मिळालं, तेही फुकट. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या म्हाताऱ्या बाईंकडे त्यांच्या यजमानांचं जुनं यंत्र पडून होतं. वर सीटवर बसून, मोटारीसारखं चालवत गवत कापायचं. यजमान गेल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नाही. बाई म्हणाल्या, "घेऊन जा गं बाई, माझी तेवढीच अडगळ कमी. पण चालत नाही हो ते. मागाहून माझ्या नावाने बोटं मोडू नकोस."

शाळेचा रखवालदार मदतीला आला. हा माणूस दर वाक्याच्या शेवटी जांभई देतो, म्हणून मी त्याला मनात जांभईच म्हणते. चारी टायर बसलेले, त्यामुळे ढकलता ढकलता आमच्या नाकी नऊ आले. अंगणात आणून झाकण उघडलं तर इंजिनावर उंदरांचं अख्खं बिऱ्हाड. सीट कुरतडलेली, पात्यांवर गंजाचे पापुद्रे, टाकीतल्या पेट्रोलचा वास कुजक्या रंगासारखा. जांभई म्हणाला, "वहिनी, हे मशीन नाही, हे भंगार आहे." आणि जांभई दिली.

ह्यांनी खिडकीतून पाहिलं. मी म्हणाले, "बघा, गाडी आणली." ह्यांनी डोळे मिटून घेतले. मला रडू यायचं बाकी होतं, पण रडून टायर फुगत नाहीत.

८ तारीख, शनिवार

तीन दिवस नुसती साफसफाई. उंदीर गेले, घाण गेली. टाकी उपसून धुतली. पातं काढताना नट इतका गंजला होता की पान्यावर उभी राहून उड्या मारल्या. पंपवाल्याने ट्यूबची पंक्चरं काढून दिली. सीटवर जुन्या गादीचा तुकडा शिवला.

आज गॅरेजवाला येऊन बघून गेला. हा ह्यांचा जुना ओळखीचा, पण ओळख पैशाच्या बाबतीत विसरतो. अंगणात, खिडकीच्या अगदी खालीच उभा राहून मोठमोठ्याने हिशोब सांगत होता. कार्बोरेटर साफ करावा लागेल, प्लग नवा, बॅटरी नवी, आणि ब्रेक पार झिजलाय. ब्रेकचा आकडा ऐकून मी म्हणाले, "ब्रेक राहू दे."

"वहिनी, ब्रेक राहू दे कसा?"

"मैदानात काय ट्रॅफिक आहे? गिअर खाली टाकला की गाडी थांबते, तूच म्हणालास ना? बाकीचं कर."

तो खांदे उडवून कामाला लागला. माझी साठवलेली सगळी पुंजी बॅटरीत गेली. मनात आलं, ब्रेक की घर, असं कुणी विचारलं तर शहाणी बाई काय म्हणेल. मला वाटतं, घर म्हणेल.

आत गेले तर हे धड राहिलेल्या बाजूचा, डावा पाय जमिनीवर आपटत होते. एकसारखे, दाण दाण. मुंग्या आल्या असतील म्हणून मी तेल कोमट करून पाय चोळायला घेतला. ह्यांनी माझा हात झटकला आणि पुन्हा पाय आपटला. शेवटी मीही चिडले. माणूस आजारी असला म्हणून त्याने चोवीस तास कावलेलंच असावं असं काही नाही.

११ तारीख, मंगळवार

सुरू झालं. आधी नुसती घरघर, मग एक धुराचा लोट, मग धडधड. अंगणातली कबुतरं उडाली. जांभईसुद्धा जांभई द्यायची विसरला. मला गिअर कळत नव्हता, पहिल्यांदा मागेच गेले आणि कपडे वाळत घालायच्या दोरीत अडकले. मग जमलं. सीटखाली एक बटण आहे, माणूस सीटवरून उठला की इंजिन आपोआप बंद पडतं. हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी दर थोड्या वेळाने उठून मागे वळून बघायची आणि ते बंद पडायचं. तिसऱ्यांदा गॅरेजवाल्याने कपाळाला हात लावला.

मैदानाच्या ह्या टोकाचा एक पट्टा कापला. सरळ नाही आला, पण कापला. ह्यांना दाखवायला खिडकीपाशी गेले. मला वाटलं होतं, निदान डोळे तरी हसतील. ह्यांचा चेहरा मी आजारपणातही असा पाहिला नव्हता. तोंडातून आवाज काढत पुन्हा तोच पाय आपटायला लागले.

लिहायला लाज वाटते, पण मनात आलं ते लिहिते. ह्यांना माझा मत्सर वाटतो आहे. ह्यांचं काम बायको करते, ते ह्यांना सोसवत नाही.

१३ तारीख, गुरुवार

सकाळी मशीन सुरूच होईना. चावी फिरवून फिरवून बॅटरी बसली. गॅरेजवाला आला, वाकून बघितलं आणि प्लगकडे बोट दाखवलं. प्लगवर तारेची जाड रबरी टोपी असते, तीच निघालेली. नुसती निघालेली नाही, तारेपासून काढून नेलेली. "कुणीतरी खोडी केलीय," तो म्हणाला. दुसरी टोपी बसवायची तर तो बाजारात जाणार, यायला संध्याकाळ.

अर्धा दिवस फुकट गेला. मैदानाचा पाव भागही झालेला नाही.

१४ तारीख, शुक्रवार

आज पुन्हा टोपी गायब. मी सरळ फाटकापाशी गेले आणि जांभईला फैलावर घेतलं. रात्री पहारा ह्याचा, फाटकाची किल्ली ह्याच्याकडे, आणि कंत्राटदाराशी ह्याचं चहापाणी चालतं हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणाले, "किती दिले रे तुला त्याने? आम्हाला रस्त्यावर आणायचे किती घेतलेस?" अजून बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही.

त्याने फाटकाची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, "वहिनी, मी सांगणार नव्हतो. टोपी तुमचे साहेब नेतात."

"कोण साहेब?"

"तुमचे. उजाडायच्या वेळेला येतात काठी घेऊन. मी दोन्ही दिवस बघितलं. हाक मारणार होतो, पण ते पडतील अशी भीती वाटली."

मी त्याला म्हणाले, तुला झोपेत भास झाला. खाटेवरून मोरीपर्यंत जायला ह्यांना माझा खांदा लागतो. व्यायामवाला माणूस येऊन येऊन थकला, हे भिंतीकडे तोंड करून पडायचे. घरी आले आणि ह्यांच्या उशीच्या खोळीत हात घातला. दोन्ही टोप्या तिथे होत्या.

हे झोपले होते. निदान डोळे मिटलेले होते. मी टोप्या घेऊन बाहेर आले आणि पायरीवर बसून तोंडावर हात दाबून रडले. राग होता की आनंद, मला सांगता येणार नाही. हा माणूस चालला. माझं वाटोळं करायला का होईना, पण चालला.

१५ तारीख, शनिवार

पहाटे जागी होते. डोळे किलकिले करून पाहिलं. हे उठून बसले, बराच वेळ बसून राहिले. मग काठी घेतली. उजवा पाय फरफटत, भिंतीला धरून दारापर्यंत. बाहेर कपड्यांच्या दोरीला धरून धरून पुढे. मी उठून खिडकीशी आले. यंत्रापाशी पोचल्यावर ह्यांनी डाव्या हाताने टोपी काढली, खिशात टाकली, आणि यंत्राच्या पुढच्या भागावर टेकून मैदानाकडे बघत बसले. मला वाटतं दम खात होते. परत यायला लागले तशी मी पळत जाऊन अंथरुणात पडले आणि खोटं खोटं घोरले.

चहा देताना पाहिलं, तळव्यांना गवताची ओली पाती चिकटली होती. मी काही न बोलता पाय पुसून दिले. ह्यांनी पाय पुसू दिले. बोलले तर थांबतील, ही एकच भीती.

दुसरी टोपी हाताशी होती, पण सकाळभर तरी ह्यांना आपण जिंकलो असं वाटू दिलं. दुपारी, ह्यांचा डोळा लागल्यावर टोपी काढून घेतली आणि गवत कापलं.

१७ तारीख, सोमवार

माझं डोकं फिरलं आहे असं लेकीला कळलं तर ती येऊन मला उचलून नेईल. काल रात्री मी मशीन अंगणात ठेवलं नाही, पुढे पाण्याच्या टाकीपाशी नेऊन लावलं. तिथपर्यंत धरायला दोरी नाही. हे गेले. टोपी आणली. आज आणखी पुढे, खेळाडूंच्या बाकांपाशी लावलं आहे.

जांभई माझ्या सांगण्यावरून झाडामागे उभा राहतो, पडलेच तर उचलायला. त्याची मी माफी मागितली. तो म्हणाला, "वहिनी, आमच्या घरात ह्यापेक्षा जास्त बोलतात."

दुपारी उशिरा काम सुरू होतं, आणि म्हणून रेटत नाही. आठवडा उरला आहे आणि अर्धं मैदान बाकी. दोन्ही गोष्टी एकदम कशा जमवू? सकाळी ह्यांनी बिघडवावं म्हणून देवाला हात जोडते, आणि दुपारी ते बिघडवलेलं निस्तरताना बोटं सोलवटून घेते.

१९ तारीख, बुधवार

आज हे बाकांपाशी गेले आणि परत येताना मध्ये कुठेही टेकले नाहीत. डॉक्टरांना फोन करून सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. म्हणाले, "काय उपाय केलात?" मी म्हणाले, "घरगुती."

संध्याकाळी कापायचं काय राहिलं ते ह्यांना मोठ्याने सांगत होते, नुसतं आपलं बोलायचं म्हणून. मागची कड, गोलच्या खांबांच्या मागचा तुकडा, आणि नाल्याकडचा उतार. उतार म्हटल्यावर हे ताडकन उठून बसले. तोंड वेडंवाकडं झालं, घाम आला, पुन्हा तो पाय जमिनीवर. उताराचं गवत हे नेहमी विळ्याने, बसून कापायचे, ढकलायचं मशीनसुद्धा तिकडे नेत नसत. ह्यांची एक एक हौस. मला विळ्याने कापत बसायला वेळ कुठे आहे? "यंत्र असताना विळा कशाला?" मी म्हणाले आणि गादीवर झोपवलं.

२१ तारीख, शुक्रवार

सगळं संपलं असं वाटतंय. आज सकाळी टोपी जागेवर होती. मला क्षणभर बरं वाटलं, की हे थकले. सीटवर बसले, इंजिन सुरू झालं, पण पाती फिरेनात. खाली वाकून पाहिलं. पाती फिरवणारा पट्टा कापलेला. भाजी चिरायच्या सुरीने, एका हाताने, घासून घासून कापलेला. सुरी तिथेच गवतात पडली होती.

पुंजी संपलेली. लेकीने व्यायामवाल्यासाठी पाठवलेले पैसे होते, ते घेऊन गॅरेजात गेले. पट्टा उद्या सकाळी मिळणार. परवा रविवार, तेरवा साहेब येणार.

घरी येऊन मी ह्यांना बोलले. आजारपणात एकदाही आवाज चढवला नव्हता, तो आज चढवला. म्हणाले, "मी कुणासाठी मरते आहे? तुम्हाला मैदान दिसावं म्हणून. आणि तुम्ही माझ्या पोटावर पाय देता? एवढा मी डोळ्यांत खुपते?" हे मान हलवत राहिले. नाही, नाही. मग हाताने खुणा, मग पाय. मी पाठ फिरवली. दुसऱ्याला बोलता येत नसताना त्याच्याशी भांडणं किती सोपं असतं.

२२ तारीख, शनिवार

हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण लिहिलं नाही तर मी ते हळूहळू वेगळं करून आठवेन.

सकाळी पट्टा आला, गॅरेजवाल्याने बसवला. मी ह्यांना चहा दिला, भांडं जवळ ठेवलं, पाणी ठेवलं. मग बाहेर आले आणि दाराला बाहेरून कडी घातली. ह्या दाराला बाहेरून कधीच कडी घातलेली नाही. गावाला जायची वेळच आली नाही आमच्यावर. कडी घासत बसली, त्याचा आवाज झाला. आत काठी जमिनीवर वाजली. मग दारावर थापा. मी म्हणाले, "अहो, दुपारपर्यंतच. दुपारी उघडते." थापा वाढल्या. मी जाऊन सीटवर बसले. इंजिन सुरू झालं की दुसरं काही ऐकू येत नाही. आज मला ते बरंच वाटलं.

दुपार टळेपर्यंत मैदान झालं. मागची कड झाली, खांबांमागचा तुकडा झाला. राहिला उतार. गिअर खाली टाकून आडवी निघाले. पहिला पट्टा नीट गेला. दुसऱ्याला चाकांखाली आधीच कापलेलं ओलं गवत आलं आणि मशीन माझं ऐकेना. मी गिअर टाकला, काही नाही. डावा पाय ब्रेकवर दाबला, पार तळापर्यंत दाबला, आणि पायाखाली काहीच नव्हतं. मशीन नाक खाली करून नाल्याकडे सुटलं. मी उडी मारली की फेकली गेले, ते माहीत नाही. सीट रिकामी झाल्यामुळे इंजिन बंद पडलं आणि पाती थांबली, म्हणून आज लिहिते आहे. मशीन नाल्यात उलटं.

मनगट सुजलं, गुडघा फुटला, बाकी काही नाही. धावत घराशी आले. कडी काढली तर दार उघडेना. हे आतून दाराला टेकून पडले होते. जांभईने खिडकीतून आत शिरून ह्यांना बाजूला घेतलं. काठी दोन तुकडे. तळहाताची सालं निघालेली. कपडे ओले. ह्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं, चिखल, रक्त, सगळं. मग पडल्या पडल्या डावा पाय उचलला आणि एकदाच, सावकाश, जमिनीवर दाबला. आपटला नाही, दाबला. मी थोड्या वेळापूर्वी ज्या पायाने ज्या प्रकारे दाबला होता, तसाच.

ब्रेक. पहिल्या दिवसापासून हा माणूस ब्रेक म्हणत होता, आणि मी तेल लावत होते. गॅरेजवाला खिडकीखाली बोलला ते सगळं ह्यांनी ऐकलं होतं. टोपी काढली ती म्हणून. पट्टा कापला तो म्हणून. मला तो मत्सर वाटला. मी स्वतःला ह्यांची बायको म्हणवते.

२४ तारीख, सोमवार

साहेब आले. टोकापासून टोकापर्यंत मैदान पाहिलं. म्हणाले, "वहिनी, मानलं तुम्हाला." उताराचं राहिलंय असं मी आपण होऊन सांगितलं, तर म्हणाले ते सावकाश करा. वर्षभराचं काम माझ्या नावावर झालं. जागा आमची.

मी आत येऊन ह्यांना सांगितलं. हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. परवापासून उठलेले नाहीत. डॉक्टर बघून गेले, हाड मोडलेलं नाही, नवा झटका नाही. "चालायला हरकत नाही," म्हणाले. हरकत डॉक्टरांची नाहीच आहे.

लेकीचा फोन आला. बाबा कसे आहेत विचारलं. मी म्हणाले मस्त, जागा मिळाली. तिला इतका आनंद झाला की मला फोन ठेवावा लागला.

२७ तारीख, गुरुवार

जांभईने आणि गॅरेजवाल्याने दोर लावून मशीन वर काढलं. गॅरेजवाल्याने ब्रेक बसवून दिला, पैसे पहिला पगार झाल्यावर दे म्हणाला. मी ह्यांच्यासमोर त्याला तीनदा विचारलं, "ब्रेक लागतो ना?" तो तीनदा हो म्हणाला. हे भिंतीकडे.

नवी काठी आणून खाटेला टेकवून ठेवली आहे. मशीन रात्री अगदी दारासमोर लावते, दार सताड उघडं ठेवते. उजाडताना डोळे मिटून पडते आणि कान देऊन ऐकते. काही नाही.

३० तारीख, रविवार

सकाळी मशीनपाशी गेले. टोपी जागच्या जागी. पट्टा धड. चावी फिरवली, एका झटक्यात सुरू झालं. पहिल्या दिवसापासून एवढंच तर हवं होतं मला. बंद केलं आणि सीटवर तशीच बसून राहिले. जांभई फाटकातून बघत होता, तोही जवळ आला नाही.

आत आले. ह्यांच्या खाटेपाशी खाली बसले आणि म्हणाले, "अहो, चला ना बाहेर. टोपी काढा, पट्टा कापा, काय वाटेल ते करा. मी एक अक्षर बोलणार नाही. बोलले होते ते चुकलं माझं. ऐकलंत का?"

हे वळले. किती दिवसांनी माझ्याकडे नीट बघितलं. ओठ हलले. मी नेहमीसारखा आवाज येईल म्हणून तयार होते, पण ह्यांनी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं, कपाळावरची शीर फुगली, आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "कडी."

झटक्यानंतरचा पहिला शब्द. लेकीचं नाव नाही, माझं नाही. कडी.

हात जोडावेत, पाया पडावं, सगळं मनात आलं आणि सगळंच खोटं वाटलं. मग मी अवजारांचा डबा आणला. जुने स्क्रू, रंगाखाली गाडले गेलेले. आधी रंग खरवडला, तेलाचे दोन थेंब सोडले, थोडा वेळ थांबले, मग फिरवले. बाहेरची कडी निघाली. तिचा कोयंडाही काढला. आतली कडीही काढली, मागे ठेवून काय करायची? हे खाटेवरून बघत होते. मी दोन्ही कड्या ह्यांच्या समोरून नेल्या आणि भंगाराच्या पोत्यात टाकल्या.

ह्यांनी पुन्हा तोंड भिंतीकडे केलं. पण लगेच नाही, जरा वेळाने.

दार आता मिटत नाही, वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली वीट लावली आहे. जांभईला सांगून ठेवलं, उद्या उजाडायच्या वेळेला झाडामागे उभा राहा. तो म्हणाला, "राहतो की." मशीन दारासमोर आहे. उद्या मी ते बघायला जाणार नाही. अंथरुणातच पडून राहणार आहे, आणि घोरणार आहे.